मचाणावर बसून गणना कशी करावी

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याशी बसून प्राणी मोजायला मचाण मिळालं? अभिनंदन! वनखातं याला आता 'निसर्गानुभव' म्हणतं. तुम्ही मात्र स्टेटसला 'व्याघ्रगणना' असंच टाका. अनुभव काय, कुणीही घेतं.

मळखाऊ कपडे घाला म्हणतील, तिकडे लक्ष देऊ नका. फोटोत उठून दिसायला हवं. अत्तरही सढळ हाताने लावा. वेफर्सचं पाकीट मात्र आधी फोडायचं नाही. चांदण्यात सांबर पाणवठ्याशी येईल, एक पाय उचलून कान टवकारून उभं राहील, तेव्हा फोडायचं. ते उधळलं की तक्त्यात लिहा, सांबर 1. अर्ध्या तासाने परत आलं, तर सांबर 2. "तेच असंल ना साहेब," असं शेजारचा वनमजूर कुजबुजेल. त्याला विचारा, कशावरून? पहाटे तेच पलीकडच्या पाणवठ्यावर गेलं की तिथले पाहुणेही मोजतील. वन्यजीव वाढतात ते असे.

नर-मादीचा रकाना सोपा आहे. शिंगं दिसली की नर. या हिशेबाने मेळघाटातले झाडून सगळे गवे नर निघतील, कारण गव्याच्या मादीलाही शिंगं असतात. उलट उन्हाळ्यात सांबराच्या बऱ्याच नरांची शिंगं गळालेली असतात, म्हणजे ते बिचारे माद्यांत जमा. वनमजूर हे सांगू लागलाच तर घोरायला लागा.

कुणी शास्त्र काढलंच, तर दटावून गप्प करा. म्हणे दोन किलोमीटरची सरळ रेषा पायी चालायची, चितळ दिसलं की अंतर नि कोन मोजायचा, मग बसून लेंड्या मोजायच्या. वाघासाठी वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे, कारण त्याच्या डाव्या अंगाचे पट्टे उजव्या अंगाशी जुळत नाहीत. एवढा खटाटोप करून देशातल्या वाघांचा 2022 चा आकडा आला 3,682, आणि तोही 'अंदाज'! त्यापेक्षा पायाच्या ठशांवरून वाघ मोजायची जुनी पद्धत बरी होती. तिने राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ छान राखले होते. 2005 साली शोधायला गेले तेव्हा जंगलात एकही नव्हता, एवढंच.

मध्यरात्री काही गुरगुरलं, तर 'वाघ 1 (आवाज)' लिहून टाका. शेजारच्याचं घोरणं असलं तरी चालेल.

सकाळी प्रमाणपत्र मिळालं तर त्यावर आपलं नाव नीट तपासून घ्या. रात्रभर जागलेल्या वनमजुराचं नाव विचारायचं राहिलं तर राहू द्या. तक्त्यात तसा रकाना नाही.