नेटवर्किंगला जाताय? कार्डं भरपूर घ्या

सकाळी सातला बाणेरच्या हॉटेलात ‘बिझनेस ब्रेकफास्ट’ असेल, तर पावणेसातलाच हजर व्हा. उशीर झाला तर इडल्या संपतात. विमा एजंट काही संपत नाहीत. आत शिरल्यावर समोरच्याच्या तोंडाकडे बघू नका, गळ्यातल्या बिल्ल्याकडे बघा. पर्चेसवाला दिसला तर दोन्ही हातांनी हस्तांदोलन. आपल्यासारखाच काहीतरी विकायला आलेला निघाला, तर त्याच्या खांद्यावरून दारात कोण आलंय ते बघत बोला. त्याला राग येणार नाही, तोही तुमच्या खांद्यावरून तेच बघत असतो.

कार्डाच्या बाबतीत कंजुषी नको. जाड कागद, सोनेरी अक्षरं, मागे हाताची घडी घातलेला फोटो. नावाखाली ‘संस्थापक, सीईओ, मेंटॉर व वक्ता’. कंपनीत तुम्ही एकटेच असाल तर फारच उत्तम, पदांवरून भांडणं होत नाहीत. संक्रांतीला वाण लुटतात तशी ही कार्डं लुटायची, दिसेल त्याच्या हातात. (हळदीकुंकवाला जमलेल्या बायका निदान एकमेकींना ओळखतात. मुलीच्या स्थळापासून भाड्याच्या फ्लॅटपर्यंत कितीतरी कामं तिथे उभ्या उभ्या होऊन जातात. पण प्रवेश फी नसल्यामुळे त्याला नेटवर्किंग म्हणता येत नाही.)

मग साठ सेकंदांची ओळख. इथे आपण काय करतो ते चुकूनही सांगायचं नाही. विमावाल्याने ‘मी मनःशांती देतो’ म्हणावं, बिल्डरने ‘मी स्वप्नं बांधतो’, आणि जीएसटीचे रिटर्न भरणाऱ्याने ‘मी उद्योजकांचा प्रवास सुकर करतो’. एखाद्याला खरोखरच रिटर्न भरून हवे असतील तर ते कोण भरतं हे त्याला शेवटपर्यंत कळता कामा नये. दुसरे बोलत असताना आपली वाक्यं मनात घोकावीत. घंटा वाजली की ‘शेवटचं एकच सांगतो’ म्हणून आणखी तीन मिनिटं घ्यावीत.

कुणी इतिहास काढलाच तर ऐकून घ्या. शिकागोत 1905 साली पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तिघांना जमवून रोटरी सुरू केली. एका धंद्यातला एकच सभासद आणि बैठक आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत, अशी पद्धत होती. कचेरीत जायचं म्हणजे तो माणूस काम कसं करतो, टेबलावर किती फायली तुंबल्यात, हे सगळं दिसणार. आपल्याला बँक्वेट हॉलच बरा.

आणि हो, भाषणात मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचं नाव येणारच. 1973 च्या त्याच्या निबंधात बोस्टनजवळच्या न्यूटनमधल्या नोकरदारांची पाहणी आहे. ज्यांना ओळखीतून नोकरी लागली, त्यांपैकी फक्त 16.7 टक्के लोकांची ती ओळख नेहमीच्या भेटीगाठीतली होती. बाकीच्यांची अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांची. झालं, वक्ते म्हणतात, अनोळखी माणसं जोडा! त्या क्वचित भेटणाऱ्यांत जुने वर्गमित्र, पूर्वीचे सहकारी, आधीचे साहेब असे बरेच होते, म्हणजे ज्यांनी आपलं काम कधीतरी डोळ्यांनी पाहिलेलं. एवढा बारीक तपशील स्लाइडवर मावत नाही. जुन्या सहकाऱ्याला फोन करायलाही पैसे पडत नाहीत, त्यामुळे ते तंत्र गंभीरपणे घेण्यासारखं नाही.

घरी आल्यावर पाठपुरावा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्टने भागत नाही. ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज पोचतो, आणि तुमचा नंबर कोण सेव्ह करणार? तेव्हा न विचारता सगळ्यांना ग्रुपमध्ये ओढा. सकाळी सुविचार, दुपारी ब्रोशर, सणावाराला स्वतःचा फोटो लावलेल्या शुभेच्छा. लोक बाहेर पडतील, त्यांना पुन्हा घाला. चिकाटी हा उद्योजकाचा गुण आहे.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. क्वचित एखादा भाबडा माणूस बशी हातात घेऊन तुमच्याजवळ येतो आणि विचारतो, “आमच्या वर्कशॉपचा आगीचा विमा काढायचाय, तुम्ही करता का?” गांगरून जाऊ नका. त्याच्या हातात कार्ड ठेवा, “नक्की, एकदा कॉफीला भेटूया” म्हणा आणि सटका. तिकडे ग्रुप फोटोला हाक मारतायत, आणि प्रमुख पाहुण्यांच्या शेजारची जागा मेंटॉर लोकांनी आधीच धरायला घेतलीय.