‘लंडन अर्ध्या भावात’ हे गणित चुकतं कुठे

गेली काही वर्षं एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय. मजकूर थोडा बदलतो, गाभा तोच: ‘एफटीएसई १०० चा पीई बाराच्या आसपास, एस अँड पी ५०० चा बाविसाच्या वर. म्हणजे लंडनचा बाजार अर्ध्या भावात मिळतोय. पीई सरासरीला परतणारच. तोवर लाभांश घेत राहा.’ (पहिला लंडनच्या बाजारातल्या शंभर मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, दुसरा अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचा. पीई म्हणजे शेअरचा भाव भागिले नफा.) ब्रिटनमध्ये नोकरी करणाऱ्या आपल्या मुलामुलींना ‘आयसा’ खात्यात वर्षाला २०,००० पौंड करमुक्त गुंतवता येतात. त्यातले कितीतरी जण असल्या एका आकड्यावर निर्णय घेतात, म्हणून हा दावा आणि त्याच्या जोडीला येणारे युक्तिवाद मुद्द्यामुद्द्याने तपासायला हवेत.

‘बारा म्हणजे बाविसाच्या जवळपास निम्मा भाव.’

पीई म्हणजे एक रुपया नफ्यासाठी आपण किती रुपये मोजतो, एवढंच. एका कंपनीपुरता तो बरंच सांगतो. पण निर्देशांक म्हणजे अनेक धंद्यांची मोट. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भांड्यात एकच तांदूळ असतो. इथे भांड्यात मिसळ आहे. लंडनमध्ये शेल, बीपी, एचएसबीसी, रिओ टिंटो, ब्रिटिश अमेरिकन टोबॅको यांचं वजन मोठं. तेल, खाण, बँक आणि तंबाखू या धंद्यांना सहसा मोठा पीई मिळत नाही. अमेरिकेच्या निर्देशांकात तंत्रज्ञान कंपन्या भरलेल्या आहेत, लंडनमध्ये त्या नावापुरत्या.

हिशेब करून पाहा. तेल कंपनीचा पीई सगळीकडे ९ आणि सॉफ्टवेअर कंपनीचा सगळीकडे २० धरा. एका देशाच्या निर्देशांकात तेलाचं वजन ६० टक्के असेल, तर त्याचा पीई येतो ११.५. दुसऱ्या देशात तेल फक्त २० टक्के असेल, तर १६.१. एकही शेअर कुठे स्वस्त नाही, तरी पहिला देश ‘स्वस्त’ दिसतो. लंडन आणि न्यूयॉर्कमधला सगळा फरक असाच आहे असं मी म्हणत नाही. पण हा भाग आधी वजा केल्याशिवाय ‘अर्धा भाव’ हा शब्द उच्चारूच नये.

‘पीई कमी असेल तेव्हा घ्या, जास्त असेल तेव्हा थांबा.’

माझा सर्वात मोठा आक्षेप या वाक्याला आहे, कारण एफटीएसईत ते नेमकं उलटं चालल्याची उदाहरणं डोळ्यांसमोर आहेत. २०१५ मध्ये कच्चं तेल, लोखंड आणि तांब्याचे भाव कोसळले. बीपीने त्या वर्षी सुमारे ६.५ अब्ज डॉलरचा तोटा दाखवला, अँग्लो अमेरिकन या खाण कंपनीने ५.६ अब्जांचा, खाणी आणि कच्च्या मालाच्या व्यापारातल्या ग्लेनकोरने जवळपास ५ अब्जांचा. निर्देशांकाचा पीई काढताना सगळ्यांचं बाजारमूल्य वर आणि सगळ्यांचा नफा खाली घेतला, की हे तोटे इतरांच्या नफ्यातून वजा होतात. छेदच आक्रसतो. समजा दोन कंपन्या आहेत, दोघींचं मूल्य शंभर-शंभर. एक दहा कमावते, दुसरी सहा गमावते. एकत्र पीई पन्नास! पुढच्या वर्षी दुसरीने फक्त दोन कमावले, तरी तो सतराच्या खाली येतो.

म्हणूनच २०१६ मध्ये एफटीएसई १०० चा मागील नफ्यावरचा पीई तिशीच्या पार गेला होता. मेसेजच्या नियमाने तो बाजार फार महाग. प्रत्यक्षात ११ फेब्रुवारी २०१६ ला ५५३७ च्या आसपास बंद झालेला निर्देशांक वर्षअखेर ७१४२ वर होता.

उलटी बाजू २००७ ची. त्या वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश बँका एक आकडी पीईवर मिळत होत्या, कारण छेदात तेजीतला नफा होता. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने २००८ साठी २४.१ अब्ज पौंडांचा तोटा जाहीर केला आणि निर्देशांक त्या वर्षात ३१ टक्के पडला. चक्राने चालणाऱ्या धंद्यात नफा शिखरावर असताना पीई सर्वात देखणा दिसतो. दहा वर्षांचा महागाई वजा केलेला सरासरी नफा घेण्याची अमेरिकी अर्थतज्ज्ञ रॉबर्ट शिलर यांची पद्धत याच दुखण्यावर आहे. परिपूर्ण नाही, पण एका वर्षाच्या आकड्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक.

‘आकडा अधिकृत आहे.’

कोणता? बीपीने २०२२ मध्ये रॉसनेफ्ट या रशियन तेल कंपनीतला हिस्सा निर्लेखित केला, म्हणजे त्याचं मूल्य हिशेबातून काढून टाकलं, म्हणून ताळेबंदातला निकाल अडीच अब्ज डॉलर तोट्याचा. मूळ धंद्याचा नफा मात्र २७.७ अब्जांचा. ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोने २०२३ मध्ये अमेरिकी सिगारेट ब्रँडचं मूल्य २५ अब्ज पौंडांहून अधिक घटवलं, तेव्हाही तेच. कोणी जाहीर नफा धरतं, कोणी मूळ धंद्याचा, कोणी पुढच्या वर्षाचा अंदाज, आणि तोट्यातल्या कंपन्या कोणी वगळूनच टाकतं. निफ्टीचं उदाहरण आपल्याला जवळचं: २०२१ च्या मार्चअखेर एनएसईने उपकंपन्यांसकट एकत्रित नफा धरायला सुरुवात केली आणि पीई सुमारे ४० वरून एका फटक्यात सुमारे ३३ वर आला. शेअरचे भाव होते तिथेच होते.

‘ब्रिटनची अर्थव्यवस्था मरगळलीय, म्हणून शेअर पडेल भावात आहेत.’

एफटीएसई १०० मधल्या कंपन्यांची सुमारे तीन चतुर्थांश विक्री ब्रिटनबाहेर होते. शेल, एचएसबीसी, अ‍ॅस्ट्राझेनेका हिशेबही डॉलरमध्ये ठेवतात. २३ जून २०१६ च्या ब्रेक्झिट मतदानानंतर पौंड दीड डॉलरवरून काही दिवसांतच १.३० च्या आसपास घसरला आणि तोच डॉलर नफा पौंडात सुमारे १५ टक्क्यांनी फुगला. शेअरचा भाव हे लगेच ओळखतो. मागील वर्षाचा नफा जुन्या दराने मोजला, तर पीई उगाच वाढलेला दिसतो. एफटीएसई १०० आठवडाभरात मतदानाआधीच्या पातळीवर परतला. ब्रिटनच्या घरगुती तब्येतीचा अंदाज घ्यायचा तर त्याखालच्या अडीचशे मध्यम कंपन्यांचा एफटीएसई २५० त्यातल्या त्यात जवळचा.

‘सरासरीला परतणारच.’

कोणाच्या सरासरीला? २००० मध्ये निर्देशांकावर व्होडाफोनची छाया होती, २००७ मध्ये बँकांची. त्या कंपन्यांची सरासरी आजच्या यादीला लावणं म्हणजे आजोबांच्या मापाचा अंगरखा नातवाला घालणं. आणि वेळ? डिसेंबर १९९९ चं ६९३० हे शिखर ओलांडायला फेब्रुवारी २०१५ उजाडलं. तेव्हा पीई खरोखर महाग होता आणि त्याने इशारा दिलाही होता, हे मान्य.

लाभांशाचा आधारही गृहीत धरू नये. शेलने ३० एप्रिल २०२० ला तिमाही लाभांश ४७ सेंटवरून १६ सेंटवर आणला. दुसऱ्या महायुद्धानंतरची ही पहिली कपात.

मग लंडनमध्ये स्वस्त काहीच नाही? आहे. शेलला अमेरिकेच्या एक्झॉनपेक्षा कमी पीई मिळत आलाय, आणि ही एकाच धंद्यातल्या दोन कंपन्यांची तुलना असल्यामुळे ती विचार करण्याजोगी आहे. मॉरिसन्स ही ब्रिटनमधली सुपरमार्केट साखळी घ्या. जून २०२१ मध्ये शेअर १७८ पेन्सला होता. दुकानांच्या बहुतेक जागा तिच्या स्वतःच्या मालकीच्या. अमेरिकी गुंतवणूक कंपन्यांत चुरस लागली आणि ऑक्टोबरमध्ये सौदा २८७ पेन्सला झाला. ही सवलत सापडली ती एका कंपनीचा ताळेबंद उघडून, तिच्या जागा मोजून.