औषध गाठीपर्यंत पोहोचले, पण आयुष्य वाढले का?
स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगात औषध थेट गाठीत पोहोचवणाऱ्या उपचारांविषयीचा लेख आवडला, मात्र त्यातला उत्साह जरा घाईचा वाटतो. या गाठीभोवतीच्या चिवट, तंतुमय ऊतीत हायलुरोनिक आम्ल हा चिकट पदार्थ साचून रक्तवाहिन्या दाबल्या जातात, म्हणून ते विरघळवणारे पेगपीएच२० हे विकर (एन्झाइम) केमोथेरपीच्या जोडीने देऊन पाहिले गेले. रुग्णांवरील चाचण्यांच्या दुसऱ्या टप्प्यात आशा दिसली, पण तिसऱ्या टप्प्यात विकर दिलेल्या रुग्णांच्या आयुर्मानाचा मध्यक (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) ११.२ महिने निघाला, आणि विकराविना ११.५! याउलट जेमसिटाबिन हे केमोथेरपीचे औषध आधी घेऊन झालेल्या रुग्णांत, मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत भरलेल्या इरिनोटेकॅन या औषधाची फ्लुरोयुरॅसिल या दुसऱ्या केमोथेरपी औषधाला जोड दिल्यावर हा मध्यक ४.२ वरून ६.१ महिन्यांवर गेला. घरात असा रुग्ण असणाऱ्यांना हे दोन महिनेही थोडे वाटत नाहीत. लेखातल्या चाचण्या कोणत्या टप्प्यावर आहेत, तेवढे लेखकाने कृपया सांगावे.