तोडकामाचे कोटेशन : आकड्याआधी आवाका पाहा

घराचे नूतनीकरण करायचे ठरले की फरशी कोणती, रंग कोणता, ओटा कोणत्या भिंतीला, यांवर घरात आठवडेच्या आठवडे चर्चा होते. जुने काढून टाकण्याचा विषय मात्र ‘तोडफोड तेवढी लमसम (एकच ठोक रक्कम) धरा’ एवढ्या एका वाक्यात मिटवला जातो. ओळखीच्या लोकांची कोटेशने मला अनेकदा वाचायला मिळतात आणि त्यावरून माझे ठाम मत झाले आहे, की काम सुरू झाल्यावर कंत्राटदार आणि घरमालक यांच्यात पैशांवरून जे वाद होतात, त्यांतले पुष्कळसे या एका वाक्यातच दडलेले असतात. तोडकामाचा दर कमी आहे की जास्त, हा प्रश्न नंतरचा आहे. त्या दरात नेमके काय धरले आहे आणि काय धरलेले नाही, हे कागदावर नसेल तर दोन कोटेशनांची तुलना करण्यात काहीच अर्थ उरत नाही.

एक साधा हिशेब करून पाहू. दोन खोल्यांच्या मधली साडेचार इंची विटांची भिंत पाडायची आहे. लांबी १० फूट, उंची ९ फूट. म्हणजे ९० चौरस फूट, सुमारे ८.४ चौरस मीटर. दोन्ही बाजूंच्या प्लास्टरसह अशा भिंतीचे वजन चौरस मीटरला साधारण २७० किलोग्रॅम भरते, त्यामुळे ही एवढीशी भिंत सव्वादोन टनांच्या आसपास जाते. पाडल्यावर विटांचे तुकडे एकमेकांत घट्ट बसत नाहीत, म्हणून राडारोड्याचे आकारमान मूळ भिंतीच्या दीडपटीपर्यंत फुगते. पंचवीस किलोच्या गोण्या भरायच्या म्हटले तर नव्वदएक गोण्या होतात. भिंत पाडायला दोन अनुभवी कामगारांना फार वेळ लागत नाही. खरा वेळ आणि खरे श्रम त्या नव्वद गोण्या भरण्यात, खांद्यावरून दारापर्यंत नेण्यात, लिफ्टने किंवा जिन्याने उतरवण्यात, गाडीत चढवण्यात आणि जिथे टाकण्याची परवानगी आहे तिथपर्यंत पोहोचवण्यात जातात. म्हणून तळमजल्यावरच्या आणि लिफ्ट वापरू न देणाऱ्या इमारतीतल्या सहाव्या मजल्यावरच्या भिंतीचा दर एकच असेल, तर त्यांपैकी एका ठिकाणी कोणीतरी काहीतरी गाळले आहे असे खुशाल समजावे. हीच भिंत एएसी ब्लॉकची, म्हणजे सच्छिद्र हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची असेल तर वजन एक टनाच्या आसपास येते. कंत्राटदाराने भिंत ठोकून पाहिली का, कशाची आहे हे विचारले का, यावरून त्याच्या कोटेशनामागचा विचार बराचसा कळतो.

फरशीचे गणितही याच मार्गाने जाते. टाइल आणि तिच्याखालचा चाळीसएक मिलिमीटरचा मसाल्याचा थर मिळून चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपास वजन होते, म्हणजे ५० चौरस मीटर घरातली फरशी पूर्ण उखडायची तर पाच टन माल खाली उतरवावा लागेल. मात्र माणसे सर्वांत जास्त फसतात ती बाथरूममध्ये. दोन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद अशा बाथरूमची जमीन केवळ चार चौरस मीटर असते, पण चारही भिंतींना सात फुटांपर्यंत टाइल असेल तर दार वजा करूनही भिंतींचे क्षेत्रफळ जमिनीच्या जवळजवळ चौपट भरते. त्यातच काही इमारतींत बाथरूमचा स्लॅब फूटभर खाली घेतलेला असतो आणि ती पोकळी विटांच्या तुकड्यांनी व मसाल्याने भरलेली असते. गळतीमुळे ती भर काढावी लागली, तर एकट्या त्या चार चौरस मीटरांतून दोन टनांच्या आसपास भराव निघतो. घराच्या एकूण चौरस फुटांवर तोडकामाचा दर लावणारे कोटेशन मला म्हणूनच कधीच पटत नाही. दोन घरांचे क्षेत्रफळ सारखे असले तरी एकात एक बाथरूम आणि दुसऱ्यात तीन असू शकतात; एकात फक्त फरशी बदलायची असते आणि दुसऱ्यात दोन भिंती पाडायच्या असतात.

पाडणे आणि शाबूत उतरवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हेही कोटेशनात स्पष्ट हवे. जुना सागवानी दरवाजा चौकटीसह न मोडता काढायचा, खिडकीची सरकती तावदाने पुन्हा वापरायची, ओट्याचा दगड अखंड ठेवायचा, असे मनात असेल तर त्याला अधिक वेळ आणि अधिक हुशार हात लागतात, आणि त्याचा दरही वेगळा असतो. याच्या उलट, ॲल्युमिनियमच्या खिडक्या, तांब्याच्या तारा, पितळी नळ, लोखंडी जाळ्या यांना भंगारात किंमत येते. ती कोणाची, हे आधी ठरले नसेल तर काम संपेपर्यंत माल गेलेला असतो आणि मनात फक्त संशय उरतो. भंगार कंत्राटदाराने न्यावे आणि त्या बदल्यात दर कमी करावा, ही पद्धत माझ्या मते अगदी रास्त आहे. फक्त कोणत्या वस्तू त्यात आल्या आणि दर कितीने कमी झाला, ते लिहिलेले असावे.

इथे मला कंत्राटदारांची बाजूही मांडायची आहे, कारण ती फारशी कोणी मांडत नाही. टाइलच्या मागे काय आहे, फरशीखाली थर किती जाड आहे, भिंतीतून कोणता पाइप कुठे वळला आहे, हे त्यालाही दिसत नसते. एकच पक्की रक्कम सांगा असा आपण आग्रह धरतो तेव्हा आपण त्याला त्या न दिसणाऱ्या गोष्टींची जोखीम विकत घ्यायला लावतो. जो अनुभवी असतो तो ती जोखीम धरून रक्कम वाढवतो आणि आपल्याला महाग वाटतो. ज्याला काम हवेच असते तो ती धरत नाही, स्वस्त ठरतो, आणि अर्धे घर उखडल्यावर जादा कामाचा हिशेब घेऊन येतो. त्याला तेव्हा लबाड म्हणणे सोपे असते, पण ती परिस्थिती आपल्याच मागणीने तयार केलेली असते. यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. कोटेशन मागण्याआधी फरशीची एखादी टाइल कोपऱ्यातून उचलून थराची जाडी मोजावी, बाथरूमच्या भिंतीवरची एक टाइल काढून मागे काय आहे ते पाहावे, जुने नकाशे मिळाले तर तेही जवळ ठेवावेत, आणि हे सगळे प्रत्येक कंत्राटदाराला दाखवावे. तरीही काही गोष्टी लपलेल्याच राहतील. त्यांच्यासाठी रक्कम नको, दर ठरवून घ्यावा: अमुक जाडीपेक्षा थर अधिक निघाला तर प्रत्येक जादा इंचाला किती, सडका पाइप सापडला तर प्रत्येक फुटाला किती, आणि हे जादा काम लेखी संमतीशिवाय सुरू करायचे नाही.

आता पाडू नये अशा गोष्टींकडे येतो, कारण त्यांचाही खर्च तोडकामाच्या अंदाजपत्रकातच धरला पाहिजे. कॉलम आणि बीमच्या सांगाड्यावर उभ्या असलेल्या इमारतीत मधली विटांची भिंत बहुधा फक्त आडोसा असते. पण भारवाही भिंतींच्या जुन्या इमारतीत तशीच दिसणारी भिंत वरच्या मजल्यांचे वजन पेलत असते, आणि काही नव्या इमारतींत काँक्रीटच्या भिंती भूकंप आणि वारा यांचे बळ घेण्यासाठी मुद्दाम बांधलेल्या असतात. जाडीवरून किंवा ठोकल्यावर येणाऱ्या आवाजावरून हा निर्णय घेणे धोक्याचे आहे. ताणलेल्या पोलादी केबल असलेल्या स्लॅबला चुकीच्या जागी भोक पाडले तर त्या केबलमधला ताण एका क्षणात मोकळा होऊ शकतो. म्हणून भिंत पाडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्रत्यक्ष जागा दाखवून त्याचे लेखी मत घेणे हा मला ऐच्छिक खर्च वाटत नाही. ‘आम्ही अशा खूप भिंती पाडल्या आहेत’ हे वाक्य त्या कागदाची जागा घेऊ शकत नाही, मग ते कितीही प्रामाणिकपणे उच्चारलेले असो.

याच संदर्भातली एक गोष्ट फार थोड्या घरमालकांना ठाऊक असते. राहत्या घराच्या खोल्यांसाठी माणसे, सामान वगैरेंचा जो भार अनेक मानकांत धरलेला असतो, तो चौरस मीटरला साधारण १५० ते २०० किलोग्रॅम एवढाच असतो. राडारोडा खोलीच्या मध्यावर फूटभर उंचीने साठवून ठेवला तर त्याचा भार याच्या जवळजवळ दुप्पट होऊ शकतो. रोज गोण्या उतरवायच्या की आठवड्यातून एकदाच गाडी बोलवायची, हा वरवर सोयीचा वाटणारा प्रश्न खरे तर स्लॅबच्या सुरक्षिततेचा आहे. रोज गाडी म्हणजे वाहतुकीचा खर्च जास्त. तो जास्त आहे म्हणूनच कोटेशनात दिसला पाहिजे.

सर्वांत स्वस्त कोटेशन हाती आले की मी एकच प्रश्न विचारायला सांगतो: हा पैसा वाचला कुठून? कौशल्यातून, स्वतःच्या गाडीतून किंवा चांगल्या यंत्रांतून वाचला असेल तर त्या माणसाला जरूर काम द्यावे. पण बऱ्याचदा तो राडारोडा रात्री नाल्याकाठी ओतून, लिफ्टच्या आत संरक्षक फळ्या न लावून, मोरीच्या जाळ्या बंद न करता तोडकाम सुरू करून आणि कामगारांना साध्या रुमालावर धुळीत उभे करून वाचवलेला असतो. वीट, काँक्रीट आणि टाइल कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिकाचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. ते फुप्फुसांत साठून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच या धुळीला मानवी कर्करोगाच्या कारणांत गणले आहे. पाणी मारत कापणे, धूळ ओढणारे यंत्र लावणे आणि योग्य दर्जाचे मास्क देणे यांना पैसे लागतात, आणि ते पैसे द्यायची आपली तयारी असली पाहिजे. जुन्या इमारतीत ॲस्बेस्टॉसचे पत्रे, पाइप किंवा पाइपांवरचे जुने वेष्टन असण्याची शंका असेल तर तिथे हातोडा लागण्याआधी नमुना तपासून घ्यावा, आणि ते काढण्याचे काम त्यासाठी प्रशिक्षित असलेल्यांनाच द्यावे. हा खर्च टाळून स्वस्त झालेले कोटेशन मी तरी स्वीकारणार नाही.

तुलना करायची तर कंत्राटदारांना तोंडी वर्णन सांगून वेगवेगळे कागद मागण्याऐवजी आपणच एक तक्ता करून सगळ्यांना तोच द्यावा. भिंत चौरस फुटांत किंवा घनफुटांत, फरशी आणि भिंतीवरच्या टाइल चौरस फुटांत, कपाटांचे कडप्पे रनिंग फुटांत (म्हणजे फक्त लांबीच्या फुटांत), दारे आणि संडासाची भांडी नगांवर, असे प्रत्येक बाबीचे एकक आणि मोजमाप आपण लिहावे. त्याच्याकडून फक्त दर भरून घ्यावा. भिंतीतले दाराखिडकीचे मोकळे क्षेत्र वजा करायचे की नाही हेही लिहावे, कारण एरवी त्या पोकळीचेही पैसे मोजले जातात. राडारोडा खाली आणणे आणि गाडीने नेऊन टाकणे या ओळी वेगळ्या ठेवाव्यात. नुसते ‘राडारोडा उचलणे’ असे लिहिले तर एकाला ते इमारतीच्या फाटकापर्यंत वाटते आणि दुसऱ्याला टाकण्याच्या जागेपर्यंत. असा तक्ता पाठवला की काही जण दर भरायला नकार देतात आणि रक्कमच सांगतो म्हणतात. त्यांच्याशी भांडू नये, पण त्यांना कामही देऊ नये.

मुळात सगळे तोडलेच पाहिजे का, हाही विचार व्हावा. जुनी टाइल घट्ट बसलेली असेल, ठोकल्यावर पोकळ वाजत नसेल आणि खाली गळती नसेल, तर तिच्यावरच चिकट मसाल्याने नवी टाइल बसवता येते. तिचे वजन चौरस मीटरला तीसएक किलोने वाढते, दारे खालून थोडी कापावी लागतात आणि उंबऱ्यांची पातळी बदलते, पण कित्येक टन राडारोडा वाचतो. बाथरूममध्ये मात्र मी हा मार्ग सुचवत नाही, कारण तिथे खालचे वॉटरप्रूफिंग कोणत्या अवस्थेत आहे हे कळायचा दुसरा मार्ग उरत नाही.

पैसे देताना तोडकामाची शेवटची रक्कम भिंत पडल्याबरोबर देऊन टाकू नये. शेवटची गोणी इमारतीच्या आवारातून गेली, जिना आणि लिफ्ट पूर्वीसारखी झाली, उघडे पडलेले सगळे पाइप आणि वायरिंगच्या नळ्या यांचे फोटो मापपट्टी शेजारी धरून काढले, आणि प्रत्येक मोरीत बादलीभर पाणी ओतून ते न तुंबता जाते हे कंत्राटदारासमोर पाहिले, की मग ती रक्कम त्याच दिवशी द्यावी. हे पाणी नवी टाइल बसण्याआधीच ओतायचे असते, कारण मोरीच्या वळणात अडकलेला विटेचा तुकडा त्यानंतर काढायचा तर नवी फरशी पुन्हा फोडावी लागते, आणि तोवर तोडकाम करणारा आणि फरशी बसवणारा एकमेकांकडे बोट दाखवू लागलेले असतात.