हरणाऱ्या कोचसाठी: पत्रकारांना चुकवायच्या खात्रीच्या युक्त्या

सलग पाच हरलात ना? घाबरू नका, कोचसाहेब. बास्केटबॉलची मॅच हरायला कोणालाही जमतं. खरी कला लागते ती नंतरच्या वीस मिनिटांत. हॉर्न वाजतो, समोरच्या कोचचा हात हातात घेऊन तुम्ही काहीतरी पुटपुटता आणि आत जाता. आत ती खोली तयारच असते. मागे प्रायोजकांच्या लोगोंचा पडदा, टेबलावर माईक, पाण्याची बाटली (तिचंही तोंड कॅमेऱ्याकडे वळवलेलं), आणि समोर आठ-दहा माणसं हातात बॉक्स स्कोअर घेऊन बसलेली. तो एक कागदच तुमचा वैरी. तीन-पॉइंटर किती मारले, किती गेले, बॉल किती वेळा समोरच्याच्या हातात दिला, त्यातून त्यांनी किती गुण केले, सगळं त्यावर छापलेलं असतं. त्या कागदाचं काही करता येत नाही. माणसांचं करता येतं.

काल रात्री अशाच एका कोचने तीन प्रश्नांत पत्रकार परिषद आटोपली. चौथा प्रश्न विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रातल्या मुलीचा होता. तिला ‘नेक्स्ट’ म्हणाले आणि नेक्स्ट कोणी बोलायच्या आत उठून गेले. नाव घेत नाही. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये असे नग दर बुधवारी आणि शनिवारी डझनाने सापडतात. पण त्यांची हातोटी पाहून वाटलं, बाकीच्यांनी मागे का राहावं?

पहिलं म्हणजे उशिरा या. टीव्हीवाल्यांच्या कृपेने मॅच रात्री नऊला सुरू होते, संपते सव्वाअकराला. छापील पेपरचं पान तोवर निघालेलं असतं, वेबसाइटवाल्यालाही झोप असते. तुम्ही लॉकर रूममध्ये पाऊण तास काढा. बाहेर तुमचा माध्यम-अधिकारी सांगेल, ‘कोच मुलांशी मोकळेपणाने बोलतायत.’ (मॅचच्या चाळीस मिनिटांत बोलला असतात तर?) एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धेत ही चैन चालत नाही, तिथे डोकं थंड व्हायला दहा मिनिटं देतात आणि मग टेबलाशी यावंच लागतं. पण तिथे ६८ टीम जातात. यंदा त्यांत तुमचं नाव येण्याची भीती नाही, निश्चिंत असा.

आल्यावर लगेच प्रश्न घेऊ नका. आधी निवेदन. समोरच्या टीमची दोन मिनिटं स्तुती करा, त्यांच्या सेंटरची विशेष. तो ११ पैकी ९ शॉट मारून गेला, कारण त्याला मागून धरायचं की पुढून अडवायचं हे तुमच्या बाकावर शेवटपर्यंत ठरलं नव्हतं. पण तुम्ही म्हणायचं, ‘काय खेळला पोरगा!’ मग प्रेक्षकांचे आभार. मग प्रवासाचा शीण. मग ‘आमची टीम तरुण आहे.’ पहिल्या पाचांत तिघे तेवीस वर्षांचे असतील, दोघे ट्रान्सफर पोर्टलमधून आपल्या चौथ्या कॉलेजात आलेले असतील, तरी टीम तरुणच असते. दहा मिनिटांतली सात अशी जातात.

आकड्याला आकड्यानेच मारा. २०१८-१९ पासून त्या स्पर्धेची निवड समिती ‘नेट’ क्रमवारी वापरते, आणि तिचे क्वाड (अवघडपणानुसार मॅचचे चार गट) तुमच्यासारख्यांसाठीच केलेत की काय असं वाटतं. घरी पहिल्या ३० मधल्या टीमशी, तटस्थ कोर्टवर पहिल्या ५० मधल्या टीमशी, परक्याच्या घरी पहिल्या ७५ मधल्या टीमशी झालेली मॅच ‘क्वाड वन’, सगळ्यांत अवघड गटातली. म्हणजे सत्तराव्या क्रमांकाच्या टीमने तिच्या घरी तुम्हाला वीसने झोडपलं तरी तो क्वाड वनचा पराभव. अभिमानाने सांगा. ऐकणाऱ्याला क्षणभर वाटतं, ही एखादी पदवी असावी.

दुखापतीचा प्रश्न आला तर छातीवर हात ठेवून ‘हिपा’ म्हणा. रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेचा १९९६ चा तो कायदा डॉक्टर, इस्पितळं आणि विमा कंपन्यांना बांधतो. पॉइंट गार्ड लंगडतोय का, या बातमीदाराच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही. पण तुमच्या समोरच्या खोलीत तो वाचलेला कोण आहे? हिपा चाललं नाही तर ‘फर्पा’. तो १९७४ चा आणि शैक्षणिक नोंदींचा, लंगडण्याचा नव्हे, म्हणून आणखी सोयीचा. मजा अशी की एसईसीसारख्या कॉन्फरन्सनी (विद्यापीठांच्या लीगनी) आता मॅचच्या आदल्या दिवशी कोण खेळणार, कोण नाही, याची यादी जाहीर करायला लावली आहे. जुगार कायदेशीर झाल्यावर हे गुपित गुपित राहिलं नाही. पैसे लावणाऱ्याला सांगता येतं, तिकीट काढणाऱ्याला नाही.

प्रश्न झोंबला तर उलट विचारा, ‘तू कधी खेळलायस का?’

झूम सोडू नका. साथ २०२० ची, म्यूटचं बटण कायमचं.

विद्यार्थी-पत्रकारांना वेळीच धाक दाखवा. २०११ च्या ऑगस्टमध्ये केंटकी विद्यापीठाने धडा घालून दिलाय. तिथल्या ‘केंटकी कर्नल’ या विद्यार्थ्यांच्या पेपरातल्या एका बातमीदाराने दोन मुलांना फोन केला आणि विचारलं, टीममध्ये शिष्यवृत्तीशिवाय तुमची निवड झाली, हे खरं का? खात्री करणं हाच त्याचा गुन्हा. खेळाडूंशी बोलायचं तर आमच्या मार्फत, असा नियम होता म्हणे. त्याला बास्केटबॉल खेळाडूंच्या मुलाखतींच्या कार्यक्रमातून वगळण्यात आलं. एका विद्यार्थ्याने त्याच विद्यापीठातल्या दुसऱ्या विद्यार्थ्याला फोन केला, एवढंच. पत्रकारितेच्या वर्गात त्याला हेच शिकवत असणार, बातमी छापण्याआधी खातरजमा कर. फी दोन्हीकडे एकाच खिडकीत भरायची.

दारं बंद करायची तर परंपरेचं नाव घ्या. जॉर्जटाउनचे जॉन थॉम्पसन यांनी ऐंशीच्या दशकात सराव बंद दाराआड ठेवला, खेळाडूंना पत्रकारांपासून लांब ठेवलं, लोक त्याला ‘होया पॅरानोया’ म्हणू लागले. एक बारीकसा तपशील मात्र गाळा: थॉम्पसन १९८४ मध्ये राष्ट्रीय विजेते झाले. त्यांचाच शिष्य पॅट्रिक युइंग कोच होऊन त्याच बाकावर बसला तेव्हा २०२१-२२ मध्ये बिग ईस्ट कॉन्फरन्समध्ये ० विजय, १९ पराभव. पुढच्या मोसमात २ आणि १८, मग नारळ. बंद दार तेच, आत काय चाललंय ते वेगळं.

आणि नोकरी शक्यतो खाजगी विद्यापीठात धरा. सरकारी विद्यापीठात कोणीही माहितीचा अर्ज टाकतो आणि तुमचा करार बायआउटच्या (मुदतीआधी काढलं तर द्यायच्या भरपाईच्या) कलमासकट गावभर फिरतो. खाजगी ठिकाणी लोकांना आयकर खात्याचा ९९० नंबरचा फॉर्म बाहेर येईपर्यंत थांबावं लागतं. तो येतो वर्ष-दीड वर्षाने, तोवर तुम्ही दुसरीकडे हरत असता. पेनसिल्व्हेनियात तर आणखी बहार: पेन स्टेट, पिट, टेंपल ही ‘राज्याशी संबंधित’ विद्यापीठं. राज्याचा पैसा घेताना संबंध, माहिती मागितली की तो पातळ होतो.

अगदीच अंगावर आलं तर प्रेक्षकांवर ढकला. लुईव्हिलच्या केनी पेन यांच्या टीमने पहिल्या वर्षी ४ जिंकल्या, २८ हरल्या. दुसऱ्या वर्षी ८ आणि २४. मार्च २०२४ मध्ये एसीसी कॉन्फरन्सच्या स्पर्धेत नॉर्थ कॅरोलायना स्टेटकडून हरल्यावर त्यांनी ऐकवलं की मी आलो तेव्हाच सांगितलं होतं, सगळ्या गावाने माझ्यासोबत यायला हवं, वेळ लागेल, आणि ते आपण विसरलो. दुसऱ्या दिवशी त्यांना काढलं. (हरवणारी ती टीम ही मॅच धरून सलग नऊ जिंकत फायनल फोरला, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत गेली, हे गावाच्या पाठिंब्याने झालं का, ते कोणी विचारलं नाही.) तरी पेन यांना एक द्यावं लागेल, ते टेबलाशी आले आणि बोलले. इंडियानाचे कोच बॉबी नाइटसुद्धा येत. १९९५ मध्ये बॉइझीला मिझुरीकडून हरल्यावर सूत्रसंचालकाने सांगितलं की नाइट येणार नाहीत, तेवढ्यात ते आले, आणि मी येणार नाही हे तुला कोणी सांगितलं म्हणून त्या बिचाऱ्यावर असे तुटून पडले की एनसीएएने ३० हजार डॉलर दंड केला. पत्रकारांना आयुष्यभर पाण्यात पाहणारा माणूस, पण गैरहजर म्हटल्याचा राग आला. तुम्हाला येतो का?

आता सर्वांत गुणकारी युक्ती. पोरांना पाठवा. नियम एवढाच की कोणीतरी बसलं पाहिजे. एकोणीस वर्षांचा एक मुलगा निवडा, शक्यतो शेवटचे दोन फ्री थ्रो चुकलेला. अंगावर घामाची जर्सी, डोळे लाल. त्याला विचारतील, ‘दुसऱ्या हाफमध्ये काय झालं?’ तो म्हणेल, ‘आम्ही जोर लावला नाही. चूक आमची आहे.’ तो दुसरं काय म्हणणार? झोन डिफेन्स त्याने लावला नव्हता. दोन फाउल झाले म्हणून पहिल्या हाफची शेवटची अकरा मिनिटं त्याला बाकावर तुम्ही बसवलंत. तरी ‘चूक आमची’ म्हणतो, कारण घरी त्याला मोठ्यांचं नाव घ्यायचं नाही असं शिकवलंय. आणि तुम्ही आत मोबाइल बघताय.

रेडिओचंही तसंच. दर सोमवारी संध्याकाळी एखाद्या हॉटेलात ‘कोच शो’ असतो. लोक मुलांना घेऊन येतात, चिकन विंग्ज मागवतात, फोनवरून प्रश्न विचारतात. हरलात की सहायकाला पाठवा. भरतीसाठी गावाबाहेर आहे म्हणा. भरतीला कोणी कधी नाही म्हणत नाही.

फक्त त्या आधी आपला करार उघडू नका. उघडलात तर दिसेल की ‘बेस सॅलरी’ म्हणून एक लहानशी रक्कम असते आणि तिच्याखाली प्रसारण, जाहिराती, जाहीर उपस्थिती या नावाने खरा आकडा. जॉन कॅलिपारींचा केंटकीतला २०१९ चा करार दहा वर्षांचा, ८ कोटी ६० लाख डॉलरचा. त्यात मूळ पगार वर्षाला ४ लाख. बाकीचं बहुतेक या दुसऱ्या खात्यात. २०२४ मध्ये ओकलंडकडून ८०-७६ हरल्यावर गावाला कळलं की त्यांना घरी पाठवायचं तर सुमारे ३ कोटी ३० लाख मोजावे लागतील. ते स्वतःच अर्कान्सॉला गेले म्हणून ते पैसे वाचले. आकडे बाजूला ठेवा, खातं बघा. कागदावर तुम्हाला बॉल शिकवायचे थोडे आणि बोलायचे फार पैसे मिळतात. आणि तुम्ही बोलत नाही! विहीर खणायचे पैसे घेऊन फावडं घरी ठेवून येणाऱ्या माणसाला आपल्याकडे काय म्हणतात?

आणि ते पैसे कोणाचे? टीव्हीचे, देणगीदारांचे, ठीक. पण कित्येक विद्यापीठांत फीच्या पावतीवर ‘अ‍ॅथलेटिक फी’ अशी एक ओळ असते. न्यू जर्सी-टेक्सासात मुलांची फी भरणाऱ्या किती मराठी आईबापांनी ती वाचली आहे कोण जाणे. सगळ्या ओळी मिळून रक्कम एवढी होते की डोळे तळाच्याच आकड्यावर जातात. कालची ती मुलगी तीच फी भरते. तुमच्या पगारात तिचे चार डॉलर असतील. तिला ‘नेक्स्ट’?

तिने काय विचारलं होतं माहीत आहे? समोरचे १२-० ने सुटले असताना टाइमआउट का घेतला नाही. बस्स. टीव्हीच्या मॅचमध्ये चार मिळतात, तीन तीस सेकंदांचे आणि एक मिनिटाचा. दोन तुम्ही खिशात घेऊन घरी गेलात. याचं उत्तर बास्केटबॉल कळणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे: घड्याळ बारा मिनिटांच्या खाली जात होतं, खेळ थांबताच टीव्हीचा ब्रेक फुकटात मिळणार होता, म्हणून तुम्ही वाट पाहिलीत. खेळ थांबलाच नाही. ना फाउल, ना बॉल बाहेर. दीड मिनिट तसंच पळालं आणि मॅच गेली. असं चांगल्या चांगल्यांचं होतं. ‘ब्रेकची वाट बघत बसलो, चुकलं माझं.’ एवढं म्हणायला सहा सेकंद लागतात. ती लिहून घेणार, लोक चरफडणार, सकाळी उठून कामाला जाणार. त्यासाठी मागच्या दाराने पळता? त्या पोरीने बॉक्स स्कोअरवर पेनने गोल करून आणला होता, तुमच्यापेक्षा जास्त तयारी करून आली होती ती! आणि क्रीडा संचालक महाशय, तुमच्याच चॅनेलवर ‘ऑल-अ‍ॅक्सेस’ नावाचा कार्यक्रम चालतो, त्यात डंकच्या सरावाला संगीत लावतात. तुम्ही नोव्हेंबरपासून तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात. ‘मोसम संपल्यावर आढावा घेऊ’ म्हणे. मोसम संपायचं राहिलंय काय?

सोमवारी सातला शो आहे. टेबलावर दोन माईक असतात, एक निवेदकाचा, एक तुमचा. सहायकाला घरी राहू द्या, त्याचं पोर लहान आहे. आणि त्या मुलीचा फोन आला तर आधी घ्या.