मयत मशीनचं लायसन्स

आमच्या दुकानात तीन कॉम्प्युटर होते. त्यातला एक मे महिन्यात वारला. सोलापुरात पारा ४४ ला टेकला की माणसं दुपारी लादीवर आडवी होतात, त्याला ती सोय नव्हती. सांगाडा भंगारवाल्याने नेला. मी दोन दिवस हळहळलो आणि कामाला लागलो. पण डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स अजून त्या मयताच्याच नावावर चालू आहे, हे मला तुळशीचं लग्न लागून गेल्यावर, म्हणजे पत्रिकांची गर्दी ऐन भरात असताना कळलं.

नवी पेठेच्या एका बोळात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांत, वाढदिवसाचे फ्लेक्स, निधनवार्ता. सोलापुरात पत्रिका म्हणजे तीन भाषांचा मामला. मुलीकडचे तेलुगू, मुलाकडचे कानडी, आणि मजकुरावरून भांडण मराठीत.

आमच्या धंद्यात लायसन्स हा शब्द फार उशिरा आला. त्याआधी ते फक्त स्कूटरला लागायचं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पन्नास रुपयांच्या सीडीत जगातली सगळी सॉफ्टवेअरं मिळायची, सोबत ‘की-जेन’ नावाचा एक चिमुकला प्रोग्राम. तो उघडला की आधी टुणटुण संगीत वाजायचं, मग सॉफ्टवेअरचं कुलूप उघडणारा नंबर यायचा. चोरीच्या मालाबरोबर सनई-चौघडा मी दुसरीकडे कुठे ऐकलेला नाही. पुढे मुलगी शाळेत जाऊ लागली, तिला ‘माझे बाबा’ हा निबंध आला, आणि मी सुधारलो.

चोरता यायचे नाहीत ते फक्त मराठी फॉन्ट. त्यांच्याबरोबर डोंगल यायचं. मशीन आणि प्रिंटरची वायर यांच्यामध्ये बसवायची ती काडेपेटीएवढी डबी. ती असेल तर मराठी, नाहीतर सगळं दुकान इंग्रजी माध्यमात. रात्री शटर ओढण्याआधी मी डोंगल काढून गल्ल्यात ठेवायचो. गल्ल्यात त्याच्याइतकं किमती दुसरं काही नसायचंच. मग नव्या मशीनना मागचं ते रुंद भोक येईनासं झालं. फॉन्टवाले म्हणाले, यूएसबीचं डोंगल घ्या, अपग्रेडचे पैसे भरा. क तोच, काना तोच, वेलांटी तीच. भोक बदललं म्हणून पैसे.

तरी तो काळ बरा म्हणायचा. सॉफ्टवेअरची पेटी एकदा विकत घेतली की ते व्हर्जन जन्माचं आपलं. दोन वर्षांनी नवं निघालं तर जुना सीरियल नंबर दाखवून कमी पैशात अपग्रेड करायचं, नको असेल तर राहू द्यायचं. पुढे कंपन्यांच्या लक्षात आलं की माझ्यासारखे लोक फारच ‘राहू द्या’ म्हणतात. नवं व्हर्जन निघेल त्या वर्षी गल्ला भरलेला, पुढच्या वर्षी ठणठणाट. २०१३ साली अडोबीने जाहीर केलं की यापुढची व्हर्जनं पेटीतून येणार नाहीत, पैसे भरत राहायचं आणि वापरत राहायचं. मग इतरांनाही ही वाट दिसली. कोणी सरसकट भाडं लावलं. कोणी सॉफ्टवेअर जन्माचं दिलं, पण अपडेटची वर्गणी वेगळी ठेवली. ती चुकली तर जुनं चालू राहतं, नवीन काही मिळत नाही. माझी कंपनी भाडंवाली. (नाव सांगत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तिच्याच दारात उभं राहायचंय.)

याला वर्गणी म्हणणंही चूकच. गणपतीची वर्गणी दिली नाही तर पोरं तोंड वाकडं करतात, पण गणपती बसायचा तो बसतोच. इथे एक दिवस उशीर झाला की पडद्यावरची सगळी बटणं राखाडी होतात आणि आपणच केलेल्या फायलींकडे बाहेरून बघत बसावं लागतं. घरमालकाने कुलूप घातलंय, आणि आत आपलं जेवणाचं ताट वाढून ठेवलंय.

तर यंदा मी ठरवलं, रिन्यूचा मुहूर्त साधायचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने राम राम केलाच होता. म्हणून दुसरं जुनं मशीन एक्सचेंजमध्ये दिलं, नवं आणलं. म्हटलं नवं मशीन, नवं लायसन्स, एकदमच नारळ फोडू.

त्या संध्याकाळी समोर स्टुलावर पूर्व भागातले एक मामा बसलेले. मुलीची पत्रिका. सकाळच्या गाडीने ते तिरुपतीला निघणार होते, पहिली पत्रिका देवापुढे ठेवायला.

वर्षाचं बिल १८ टक्के जीएसटी धरून १५ हजारांच्या वर गेलं आणि तिथेच माशी शिंकली. असल्या भाड्याचे १५ हजारांपर्यंतचे पैसे बँक गुपचूप कापून घेते. त्याच्या वर गेलं की रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ओटीपी लागतो. आदल्या दिवशी तसा मेसेज आला होता म्हणे. खातं जॉइंट, मोबाइल नंबर बायकोचा, आणि बायको गुलबर्ग्याला मावसभावाच्या लग्नात.

“ओटीपी आलाय बघ, सांग पटकन.”

“बँकेनं कुणालाही सांगू नका म्हटलंय.”

“मी कुणालाही आहे होय?”

ती थोडा वेळ थांबली. हा थोडा वेळ मला अजून खुपतो. मग मागच्या बँडच्या तालावर आकडे आले. “चार, सात, सहा...”

“सहा का दहा?”

“ओटीपीत दहा कसं येईल हो!”

एवढ्यात मुदत संपली. तिसऱ्या खेपेला जमलं. पैसे गेले, मामांनी सुस्कारा सोडला, मी चहा सांगितला. आणि नव्या मशीनवर अक्षरं उमटली: आपले लायसन्स दोन उपकरणांवर वापरात आहे, कृपया एकावरून साइन आउट करा.

एक मयत, दुसरा परागंदा. आणि साइन आउट करायचं ते त्या-त्या मशीनपुढे बसून. म्हणजे मयताने स्वतः तलाठ्यापुढे येऊन अंगठा उठवायचा. वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर नाव लावताना मीही चपला झिजवल्यात, पण तिथे निदान मृत्यूचा दाखला चालतो. इथे मदतीच्या चॅटवर एक सद्गृहस्थ आले (का सद्यंत्र, शेवटपर्यंत कळलं नाही). त्यांनी विचारलं, पहिलं उपकरण सध्या कुठे आहे? मी लिहिलं, भंगारात. ते म्हणाले, काही हरकत नाही, ते सुरू करून मेनूत जा.

मामा हे सगळं वाकून बघत होते. पडद्यावरचं एकेक वाक्य मी त्यांना मराठीत सांगत होतो, दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. त्यांचे पूर्वी चादरीचे माग होते.

“आमच्या मागावर पुठ्ठ्याची कार्डं असायची बघा, भोकं पाडलेली,” ते म्हणाले. “एकदा डिझाइन पंच केलं की झालं. मोराची चादर मी पंधरा वर्षं काढली. मोर पुढे चालू ठेवायचाय का म्हणून कुणी विचारायला आलं नाही.”

मी त्यांना सांगितलं, की जॅकार्ड नावाच्या फ्रेंच माणसाने १८०४ च्या सुमारास तो माग बसवला, आणि त्याची ती भोकांची कार्डंच पुढे हिशेबाची यंत्रं करणाऱ्यांनी उचलली. कॉम्प्युटरवाले कितीतरी वर्षं असल्याच कार्डांवर काम करत होते.

“म्हणजे हे आमच्या मागाचं नातू की.”

“तसंच म्हणा.”

मामांनी नव्या मशीनकडे जरा निरखून बघितलं. “मग घरच्याच माणसाकडून भाडं घ्यायलाय व्हय बे हा?”

बिलाचा फोटो दिला, मशीनची नावं दिली, शेवटचा वापर मे महिन्यातला हेही कबूल केलं. साडेअकराला चॅटवर आलं, दोन्ही उपकरणं काढून टाकली आहेत, आमच्या सेवेला तारे द्या. मी घाईत किती दिले आठवत नाही.

मग पत्रिका. मान्यवर, निमंत्रक, ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’. दीडला फाइल प्रेसला धाडली. पाच मिनिटांत फोन.

“मालक, फाइल उघडेना. खालच्या व्हर्जनला सेव्ह करून पाठवा. आणि कर्व्ह करून.” (म्हणजे अक्षरांची चित्रं करून, तिकडे आपला फॉन्ट नसला तरी चालावं म्हणून.)

“किती खाली?”

“बारा.”

बारा म्हणजे टुणटुण संगीताच्या काळातलं. प्रेसच्या मशीनने आजवर कशाचंच भाडं भरलं नसणार. १५ हजारांहून जास्त मोजून, तीन ओटीपी खर्चून घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मी ती फाइल वीस वर्षं मागे नेली आणि पाठवली. तिकडे ती लगेच उघडली. सहाला मामा गठ्ठा घेऊन स्टेशनवर.

दोन दिवसांनी त्यांचा तिरुपतीहून फोन आला. दर्शन छान झालं, पत्रिका देवापुढे ठेवली. फक्त एक राहिलंय म्हणाले. नवऱ्या मुलाचे आजोबा वारून तीन वर्षं झाली, निमंत्रकांत त्यांचं नाव आलंय पण पुढे ‘कै.’ नाही.

“आजोबांना साइन आउट करायचं राहिलं की हो मालक.”