लागलं म्हणून खेळ बंद?

पोरीचा घोटा कबड्डीत मुरगळला आणि घरात सुतक असल्यासारखी तोंडं. "तरी मी म्हणत होते!" मावशी, आत्या, शेजारच्या काकी, झाडून सगळ्यांचं हेच. गेल्या साली बोट दुखावलं तेव्हाही हेच. कान किटले माझे!

अहो, समोरचे सात जण धरायला टपलेत, त्या खेळात कधीतरी लागणारच. लिगामेंट ताणलंय, तुटलेलं नाही. बर्फ, क्रेप बँडेज, थोडी विश्रांती आणि मग एका पायावर तोल धरायचा सराव. घोटा पुन्हा मुरगळू नये म्हणून हा सराव करायचा असतो, खेळ सोडायचा नसतो. वॉर्म-अप नीट होतो का, मैदानात खडे आहेत का, हे विचारा की! ते कुणी विचारत नाही.

आणि सांगणारे साताऱ्यात पोवई नाक्यावरून बिनहेल्मेट गाडी हाकतात. आमची आजी मोरीत घसरून खुबा मोडून बसली, तेव्हा कुणी अंघोळ बंद केली का?

भावाच्या कपाळाला क्रिकेटचा बॉल लागला, टाके पडले, तर "गडी आहे, चालायचंच". हिला मात्र "लग्नात अडचण येईल". हे ऐकलं की डोकंच फिरतं. ज्या जिल्ह्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक जिंकलं, तिथे पोरीनं अंगाला माती लावू नये?

फिजिओ हो म्हणाले की ती मैदानावर जाणार. सोडायला मीच जाणार.